सांध्यातली खुंटी

कपात चमचा किणकिणला आणि रिकाम्या चर्चमधली शांतता मोडली. उद्यापासून हे गावाचं सभागृह. वेदीच्या जागी आता चहाचा ओटा आहे. धाकटे दीर कप ठेवून करवत घेऊन शिडीवर चढले. सभागृहासाठी छताच्या जुन्या तुळया माझ्या नवऱ्याने नव्याने जोडल्या होत्या. शेवटच्या सांध्यातली लाकडी खुंटी मात्र त्यांनी चार बोटं बाहेर ठेवली. “लाकूड सुकून घट्ट बसू दे, मग मीच येऊन छाटेन,” असं लेकीला म्हणाले आणि आठवड्यात तापाने गेले. “वहिनी, लाकूड बसलंय. छाटू?” दिरांनी करवत खुंटीला टेकवली, ती घसरली. ते म्हणाले, “दादा असता तर म्हणाला असता, करवत धरलीस की लाटणं?” मी कसंबसं हसले. “छाटा भावोजी. अर्धवट काम त्यांना कधी खपलंय?” भुसा केसांवर पडला, झटकावासा वाटला नाही. लेकीने खाली पडलेला खुंटीचा तुकडा उचलला. “आई, मग आता बाबा कशाला येतील?”