बाबांची राजदूत

बापाची गाडी जिवंत करणं म्हणजे बापाची जवानी परत आणणं, असं धम्मदीपचं ठाम मत होतं. हे मत त्यानं मोबाइलवरच्या एका व्हिडिओत ऐकलं होतं. तेव्हापासून त्याला चैन म्हणून नव्हती. वडिलांचे, किसनरावांचे, गुडघे कामातून जायच्या आत त्यांची राजदूत मोटारसायकल सुरू झाली पाहिजे, म्हणून तो जेवता जेवता उठायचा आणि अंगणात जाऊन कार्बोरेटर उघडून बसायचा. त्याच्या जन्मापासून गोठ्यात पडून असलेली गाडी अखेर काळीभोर चमकू लागली.

"बसा बाबा, मारा किक."

किसनराव लांबूनच म्हणाले, "मले कुठं येते बे?"

"भिंतीवरच्या जुन्या फोटोत तर गाडीवर तुम्हीच बसले आहा."

"फोटू काढासाठी बसलो होतो. गाडी तुही माय चालवे. मी मांगं बसत होतो. तू झाला अन् लोकं म्हणे, लेकरवाळीले शोभत नाही."

धम्मदीप आईकडे वळला. "मंग बोलली काऊन नाही?"

"मले वाटलं, बापासाठी करून राह्यला," बनाबाई म्हणाल्या. त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली, पदर खोचला आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू केली.

किसनराव सवयीनं मागे गेले आणि तिथंच थबकले. "मांगची सीट कुठं गेली बे?"

"कापली. आता एकट्याच्या सीटची फॅशन हाये."

बनाबाई राजदूतवर मोताळ्याच्या बाजाराला गेल्या. किसनराव काळीपिवळी जीपनं गेले.