दोघींच्या मापाचा शर्ट

अकोल्याच्या टळटळीत उन्हातून दुकानात आल्यावर केतकीने तो निळा लिननचा शर्ट नुसताच गालाला लावून ठेवला. सोमवारपासून पुन्हा बँकेत जायचं होतं, आणि सहा महिन्यांची लेक तिच्या अंगाच्या वासाशिवाय डोळा मिटत नव्हती.

सासूबाईंनी शर्ट तिच्या हातातून घेतला, तोंडाशी धरला आणि फुंकर मारली. पलीकडे धरलेल्या तळव्याला वारा लागला तशा त्या खूश झाल्या. "हवा आरपार जाते, बाई. बँकेत घाल, लग्नकार्यात घाल, घरीही घाल. पण दोन मापं मोठा घे."

"आई, त्यात अजून एक माणूस मावेल."

"मावू दे की."

रविवारभर केतकीने तोच शर्ट घातला. संध्याकाळी धुवायला टाकायला गेली, तर सासूबाईंनी तो काढून घेतला. "पाण्यात घालू नको."

सोमवारी संध्याकाळी ती धापा टाकत घरी आली. रडणं ऐकू येईना. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घरभर तरंगत होता. जन्मभर लुगड्याशिवाय काही न नेसलेल्या सासूबाई झोपाळ्यावर हलकेच झुलत होत्या. लुगड्यावर निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि कॉलरमध्ये नाक खुपसून लेक गाढ झोपलेली.

केतकी दारातच थबकली.

"आज रात्री हा तू घालून झोप," सासूबाई कुजबुजल्या. "दिवसभरात शर्टाला माझाच वास लागलाय."