अख्खी फळी

धनश्रीने कुऱ्हाड उचलली, तेव्हा गिटार पाणी तापवायच्या चुलीपाशी पालथी पडली होती. घरात कुणी नव्हतं. नवरा, गहिनीनाथ, पेरूची कॅरेट घेऊन राहात्याच्या बाजारात गेला होता. कालचा पाहुणा नुसता निमित्त झाला. जळत तर ती गिटार घरात आल्यापासूनच होती.

जळायचं कशावरून, तर लाकडावरून. गहिनीनाथ लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवायचा. विजेवरची ही काळी गिटार त्याने भिमाजी सुताराकडून घडवून घेतली होती, आतून पोकळ नसलेली, भरीव लाकडाची. आणि लाकूड कुठलं? त्याच्या पहिल्या बायकोच्या, जयाच्या, सागवानी पलंगाचं. जया तापाने गेली, धनश्री आल्यावर पुढे पलंग मोडला आणि त्याची ही गिटार झाली. रोज संध्याकाळी हा बाबा ओट्यावर बसून तिला मांडीवर घ्यायचा. मऊ फडक्याने पुसायचा. धनश्री आजारी पडली तेव्हा तिचं कपाळसुद्धा त्याने इतक्या मायेने पुसलं नव्हतं. आता मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? जिवंत सवत असती तर तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

काल संगमनेरहून दुसऱ्या ऑर्केस्ट्राचा गिटारवाला आला होता. त्याने गिटार उलटीसुलटी करून पाहिली, बोटाने ठोकली.

"एका लाकडाची हाय का दोन तुकडं जोडल्यात? जोड असला की आवाज मरतो म्हणत्यात."

धनश्री चहा घेऊन आली होती. गहिनीनाथने तिच्याकडे चोरून पाहिलं आणि म्हणाला, "अख्खी एक फळी हाय. जोड न्हाई कुठं."

चोरून का पाहिलं, ते तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. अख्खीच्या अख्खी जया. जोड होती ती एकटी धनश्री, नंतर आणून चिकटवलेली. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

या घरात तिचं म्हणून होतं तरी काय? एक पाट होता. मुलगी बिजवराला द्यायची म्हणून आईने निघताना तो बरोबर दिला होता. शिवणीच्या लाकडाचा, दोन बोटं जाड, चारी कोपऱ्यांत पितळेची फुलं बसवलेला. "पहिलीच्या पाटावर बसू नको. आपली बसायची जागा आपल्या संगं ने," आई म्हणाली होती. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच पाट माळ्यावरून गायब झाला. धनश्रीने आकाशपाताळ एक केलं. नणंद लंकाबाई दिवाळी करून नुकतीच अकोल्याला परत गेली होती. आळ तिच्यावर आला. फोनवर नको नको ते बोलणं झालं. लंकाबाईने माहेर तोडलं, पुढच्या राखीला भावाला साधा धागासुद्धा धाडला नाही. गहिनीनाथ मान खाली घालून बसून राहिला. बायकोला गप्प केलं नाही, की बहिणीची बाजू घेतली नाही. नंदीबैल मेला, असं धनश्री तेव्हा मनात म्हणाली होती.

पहिला घाव बसला आणि रंगाचा पोपडा उडाला. दुसऱ्या घावाला कुऱ्हाड कचकन आत गेली. कडेचा एक ढलपा निघून थेट चुलीत पडला आणि भुरकन पेटला.

तिसऱ्यांदा उचललेला हात तिने खाली घेतला. साग एवढा मऊ? सागाने तर कुऱ्हाडीला दाद द्यायला नको. ती वाकली. आतलं लाकूड पांढरट पिवळं होतं. घावाच्या शेजारी रंगाखाली खाचा बुजवायला भरलेली लांबी निखळली होती आणि तिथे काहीतरी चकाकत होतं. तिने नखाने कोरलं. पितळेची एक पाकळी निघाली, मग दुसरी, मग अख्खं फूल.

मग विळा घेऊन तिने पाठीवरचा रंग खरवडायला घेतला. वरून खालपर्यंत मधोमध एक बारीक रेघ होती. रेघेच्या अलीकडे पांढरी शिवण, पलीकडे तपकिरी साग.

गहिनीनाथ आला तेव्हा चूल विझून गेली होती. दारातूनच त्याने कुऱ्हाड पाहिली, गिटार पाहिली, बायको पाहिली. रिकामं कॅरेट त्याच्या हातातच राहिलं.

"भिमाजी म्हनला, पलंगाची फळी रुंदीला पुरत न्हाई, जोड द्यावा लागंल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी म्हनलं, जोड घरातलाच देऊ. तुला सांगनारच हुतो. पन तू लंकाबाईचं नाव घेतलंस, मग तोंडच उघडंना."

"आन काल? काल जोड न्हाई म्हनलात."

"तू समूर हुतीस."

गिटार घरात आल्यापासून धनश्रीने पहिल्यांदा ती मांडीवर घेतली आणि घावांवरून बोटं फिरवली. दोन्ही घाव शिवणीत गेले होते. जोड जागचा हलला नव्हता, आणि जयाच्या सागावर साधा ओरखडाही नव्हता.