सोनगीरच्या भिंतीवरची मोकळी जागा

भिंतीवर निवडणुकीचं चिन्ह काढून झाल्यावर पेंटर नवलने तालुकाध्यक्षांना विचारलं, "नाना, आपला पक्ष कसाकरता शे, ती ओळ सांगा."

नानांनी बराच विचार करून चिन्हाखाली बोट टेकवलं. "आठे लिख, पक्ष बठ्ठासना. मंग कोनी नाराज व्हत नही."

सगळ्यांचा, पण कशाकरता? नवलने ब्रश रंगात बुडवला. त्याने लिहिलं.

दोन दिवसांनी त्याखाली कोणीतरी कोळशाने एक ओळ वाढवली: 'पन त्यासना नही.' त्यांचा नाही! दुसऱ्या दिवशी ते दिसताच नवल चुन्याची बादली घेऊन धावला, तर नानांनीच अडवलं.

"ऱ्हाऊ दे. काल सभामा हाई ओळ म्हनताच पहिल्यांदा टाळ्या पडन्यात."

"पन नाना, त्या म्हनजे कोन?" 'ते' कोण, हे नवलला उमगेना.

"आपन कसाले सांगानं? ज्यानी त्यानी समजी लेवानं."

मग नवलने ती ओळ आजूबाजूच्या बारा गावांत पक्क्या ऑइलपेंटने लिहिली. शेवटची भिंत आटोपून तो घरी आला, तेव्हा त्याच्या दाराशेजारी कोळशाने लिहिलेलं होतं:

 

'त्या आठेच ऱ्हातस.'