बिनघावाची गुहा

म्हादबा पाथरवट बॅटरीचा झोत भिंतीवर फिरवत टाकीचा घाव शोधत होते. एवढी लांब गुहा म्हणजे कुणीतरी कोरलेलीच असणार! चाळीस वर्षं त्यांनी असाच काळा दगड फोडला होता.

पुढे जावई वाट दाखवत होता. लेकीने, वैजूने, या परक्या बेटावरच्या माणसाशी लग्न केलं म्हणून सहा वर्षं ते इकडे फिरकले नव्हते. आल्यापासूनही त्याच्याशी अवाक्षर बोलले नव्हते.

"वैजे, घाव कुठंच नाही. कोण कारागीर म्हणायचा हा?"

जावयाला विचारून ती म्हणाली, "कुणीच नाही, आबा. डोंगर फुटला तेव्हा हा दगड पेटत्या नदीसारखा इथून वाहत होता. वरून निवून घट्ट झाला, आतून वाहतच राहिला. तो वाहून गेला, ही वाट उरली."

म्हादबांनी वर पाहिलं. छताला दगडाचे थेंब लोंबत होते, काकवीसारखे. त्यांनी चपला काढल्या आणि घट्टे पडलेला तळवा भिंतीला लावला.

"आणि मी जन्मभर याला मुळातलाच कठीण समजलो!"

मग ते जावयाकडे वळले. "जावईबापू, चला पुढं. सगळं दाखवा."