फेन्टरसाहेबाचं श्रुतलेखन

"लिहा! 'आम्ही लूथरन शाळेच्या विद्यार्थिनी जाहीरपणे सांगतो, की...' लिहिताय ना?"

पोलिसांचा फेन्टरसाहेब फळ्यासमोर उभा होता. हातात चर्चच्या दारावरून उपटून आणलेला कागद. एक्केचाळीस मुली माना खाली घालून लिहीत होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी मोठं डोकं चालवलं होतं. तेच पत्र साऱ्या वर्गाला लिहायला सांगायचं, आणि जिचं अक्षर जुळेल तिला उचलायचं.

"लूथरची लेकरं ना तुम्ही! त्याने चर्चच्या दारावर कागद ठोकला, म्हणून तुम्हीही धावलात चर्चच्या दाराकडे!" तो म्हणाला आणि पुढचं वाचू लागला. "'...जगाच्या न्यायालयाने निकाल दिला आहे. दक्षिण आफ्रिकेला इथे राज्य करायचा हक्क नाही. तुम्ही आम्हाला न विचारता आलात. आता आम्ही सांगतो, जा.'"

आता मुलींची ओवाम्बो भाषा काय त्याच्या आईने शिकवली होती? प्रत्येक शब्दावर ठेच. एरवी मुली खुदखुदल्या असत्या.

तिसऱ्या बाकावर ताइमी बसली होती. पत्र तिचंच होतं. सापडली, तर मुखियाच्या अंगणात ताडाच्या दांड्याचे वीस फटके, आणि शाळा कायमची बंद. शनिवारी तिने शेजारच्या लोईडेला सही मागितली होती. लोईडे म्हणाली, "बाई गं, मला यात ओढू नकोस. माझ्या पाठीला कातडं एकच आहे." बाकीच्यांनी तर ऐकूनही घेतलं नाही. रविवारी पत्र जेमतेम दहा मिनिटं दारावर होतं, आणि या सगळ्या जणी गाईंसारख्या हळूहळू पुढून गेल्या. एकीच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. शेळपट कुठल्या! तेव्हापासून ताइमी कोणाशी धड बोलली नव्हती.

आता ती मुद्दाम अक्षर बिघडवत होती. तेवढ्यात शाळेच्या बाई, मेमे राउहा, तिच्या बाकाशी येऊन थांबल्या.

"ताइमी, हे काय कोंबडीचे पाय? मी सगळ्यांना एकच वळण शिकवलंय. तेच दिसलं पाहिजे."

फेन्टरने मान वर केली.  विकलं मला या बाईने, ताइमीला वाटलं. चडफडत तिने नीट लिहायला घेतलं, आणि तिची नजर लोईडेच्या कागदावर गेली. तोच गोल 'ओ', तीच 'के'ची शेपटी. पुढच्या बाकावर तेच, पलीकडे तेच. तीस वर्षं मेमे राउहांनी छडी आपटून एकच अक्षर घटवून घेतलं होतं.

फेन्टरलाही ते दिसलं. वाचता वाचता त्याने दोन-चार कागदांत डोकावून पाहिलं आणि तो लालबुंद झाला. पत्रातलं एकच वाक्य उरलं होतं. ते त्याने डोळ्यांनी वाचलं, आणि त्याचे ओठ मिटले. त्यात त्याच्या सरकारला न चालणारं नाव होतं.

"बस्स! पेनं खाली!"

ताइमीच्या हातातून पेन आपसूक गळालं. वर्गात मात्र खरखर चालूच होती.

"ऐकू येत नाही? काय लिहिताय? मी काही सांगितलेलं नाही!"

लोईडे उभी राहिली. आवाज खणखणीत होता. "शेवटचं वाक्य, साहेब. तुम्ही गाळलंत. 'आमच्या देशाचं नाव नामिबिया आहे.'"

चर्चमधली धर्माची प्रश्नोत्तरं, तो कॅटेकिझम, पाठ म्हणावा, तसं म्हटलं तिने. ताइमी बघतच राहिली. त्या दहा मिनिटांत सगळ्यांनी पत्र पाठ केलं होतं! अन् ती वेडी तीन दिवस यांना शेळपट म्हणत बसली होती. चाळीस पेनांनी ते वाक्य लिहिलं होतं. एकच थांबलं होतं.

ते फेन्टरने बरोबर हेरलं.

"हं. एक तरी शहाणी निघाली." तो ताइमीशेजारी आला आणि तिच्या कागदावर बोट ठेवलं. "मी थांब म्हटलं, ही थांबली. तू जा घरी, पोरी. तुझं नाव कुठेही येणार नाही. बाकीच्या चाळीस जणी उद्या सकाळी मुखियाच्या अंगणात."

मेमे राउहांनी दार उघडून धरलं. लोईडेने ताइमीकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर पिवळं ऊन होतं, आणि घर अर्ध्या तासावर. फेन्टरने तिचा कागद उचलायला हात घातला.

ताइमीने तो तळहाताने दाबून धरला.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "माझं एक वाक्य राहिलंय."