खाटेखालची चटई

"आज तरी?" अडोचने विचारलं.

डॉक्टर ओटिमने पेशंटच्या डोळ्यांत टॉर्च मारला, नखावर पेन दाबून पाहिलं. हात जरासा मागे गेला.

"अजून नाही, आई. पण कालच्यापेक्षा बरं आहे."

"बरं," म्हणून ती पुन्हा नाचणीची पेज ढवळायला लागली.

एकेचाळीस दिवस हेच चाललं होतं. या वॉर्डात रुग्णाचं खाणंपिणं, धुणंपुसणं घरच्यांनीच करायचं. अपघाताच्या चौथ्या दिवशी ही बाई आली, पाय लाल मातीने माखलेले, आणि पाच नंबरच्या खाटेखाली तिने चटई अंथरली. सिस्टर लाकोतने विचारलं, "तुमच्या मुलाचं नाव काय?" तिने सांगितलं, "किदेगा." फाइलवर नाव चढलं. तेव्हापासून ती दर दोन तासांनी त्याची कूस बदलत होती, नळीतून पेज देत होती. पाठीला एक व्रण म्हणून पडू दिला नव्हता तिने.

ओटिमला मात्र त्या "आज तरी?"ने गुदमरायला व्हायचं. उत्तरेतल्या सबंध मुलखात कवटी उघडणारा तो एकटाच. बायको-मुली जानेवारीतच प्रिटोरियाला गेल्या होत्या, तिथली नोकरी त्याच्यासाठी थांबली होती. निघायची तारीख दोनदा पुढे ढकलून झाली होती.

"तुमच्या निरोपाचा केक दोनदा खाल्ला मी," लाकोत चिडवायची. "आता आधी जा, मग खाऊ."

जाणार कसा? अपघाताच्या त्या दुपारी गुलूच्या रस्त्यावर दोन भाड्याच्या मोटरसायकली समोरासमोर धडकल्या. दोघे चालक, दोघेही बिनहेल्मेटचे, तोंडं सुजून ओळखू न येणारी. ऑपरेशनचं टेबल एक, कवटीला भोक पाडायचं यंत्र एक. ओटिमने दोघांच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. एकाच्या उजेडाने आकसत होत्या, दुसऱ्याची एक थिजली होती.

"याला घ्या," तो पहिल्याकडे बोट दाखवून म्हणाला.

दुसरा दारातल्या ट्रॉलीवर राहिला. टाके घालून होईपर्यंत तो गेला होता.

वाचायची आशा जास्त त्याला आधी, या नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. तरी तो कुणाचा कोण, त्याला कोणी नेलं, हे विचारायचा धीर ओटिमला झाला नाही. निदान एका आईचा मुलगा वाचवला, एवढ्यावर तो दिवस काढत होता. आणि तो मुलगा उठेपर्यंत त्याचा पाय निघत नव्हता.

"एक दिवस घरी जाऊन या," तो एकदा तिला म्हणाला.

"याच्यापायी फार गेलंय, डॉक्टर. याला उठायलाच पाहिजे."

शेळ्या विकल्या असतील बिचारीने, असं त्याला वाटलं.

त्रेचाळिसाव्या दिवशी पेशंटने डोळे उघडले. मग नजर फिरू लागली, ओठ हलू लागले. आणि तिसऱ्या आठवड्यात, सोमवारच्या राउंडला, ओटिमने खुर्ची ओढून नेहमीचे प्रश्न विचारले.

"नाव काय तुझं?"

"ओलाल."

लाकोतने फाइल पाहिली. "किदेगा ना रे तू?"

"ओलाल. कितगुमचा."

"आणि या कोण?"

त्याने अडोचकडे बराच वेळ पाहिलं. "ठाऊक नाही. पेज देतात."

ओटिम खुर्चीवरून उठला. एवढं करून शेवटी हे. तो तिला खिडकीपाशी घेऊन गेला.

"आई, मन घट्ट करा. डोक्याला मार लागला की असं होतं. नाव जातं, माणसं जातात. आपल्या आईचीही ओळख राहत नाही. हळूहळू येईल ती."

"त्याचं काही गेलेलं नाही, डॉक्टर," अडोच म्हणाली. तिने खाटेखालची चटई ओढून घेतली आणि गुंडाळू लागली. "त्याचं नाव मलाही आजच कळलं. सिस्टरने मला माझ्या मुलाचं नाव विचारलं होतं. दारातल्या ट्रॉलीवर होता तो."